बिनचुंबळीचा हंडा

पप्पा विहाराच्या कमिटीकडे हॉलची किल्ली मागायला गेले तेव्हा मी त्यांच्या मागे, उंबऱ्याबाहेर उभी होते. आत तिघे जण सतरंजीवर बसले होते. त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "साहेब, पोरगी करनार काय तिथं?"

"व्यायाम," पप्पा म्हणाले.

"व्यायाम म्हंजी व्यायामच ना? न्हाई, पुण्याला नाच शिकायली म्हनून ऐकलं, म्हनून इचारायलो."

पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "व्यायामच," ते म्हणाले.

"मग काय अडचन न्हाई. नाच नको फक्त. वंदनेची जागा हाय."

किल्ली मिळाली. परत येताना मी पप्पांकडे बघितलं नाही. खोटं ते बोलले नव्हते. त्या उन्हाळ्यात मला खरोखर व्यायामच करायचा होता, नाच नव्हताच. तरीही घरापर्यंत माझे कान तापलेले होते.

त्याआधीची तीन वर्षं मी पुण्यात होते. नांदेडच्या इंग्लिश मीडियम शाळेतून बारावी झाले आणि डिग्रीसाठी पुण्याला गेले. कॉलेजपासून जवळच एका बँकेच्या वरच्या मजल्यावर बॅलेचा क्लास चालायचा. हॉस्टेलमधल्या एका मुलीला सोबत हवी होती म्हणून मी गेले. ती महिनाभरात सोडून गेली, मी राहिले. मला बोलायला जमत नाही. शाळेत मराठी मुलींमध्ये माझं मराठी पुस्तकी वाटायचं, पुण्यातल्या मुलींमध्ये माझं इंग्लिश नांदेडचं वाटायचं. क्लासमध्ये मात्र तास-तास कुणाशी न बोलता काढता यायचे. भिंतीला लावलेल्या लाकडी दांडीला धरायचं आणि मिस सांगतील ते करायचं.

डिग्री संपत आली तेव्हा मिसनी मला थांबवून घेतलं. लहान मुलींच्या बॅचला त्यांना मदतनीस हवी होती. ती मी व्हावं असं त्यांच्या मनात होतं, पण मदतनीस मुलीला पॉइंट शूजवर उभं राहता यायला हवं होतं. हे पुढून कडक असलेले साटीनचे बूट. त्यांच्या टोकावर सगळा देह पेलायचा असतो. मिस म्हणाल्या, "तू फार उशिरा सुरुवात केलीस. घोटा कच्चा असताना मी तुला हे बूट दिले तर तू पाय मोडून घेशील. आत्ता घरी जा. नाचू नकोस. फक्त ताकद कमव. जूनमध्ये ये, मी तपासीन."

पप्पांनीही जूनचीच मुदत दिली. मिसनी घेतलं तर पुण्यात राहायचं, नाही तर घरी राहून स्पर्धा परीक्षा द्यायची. ते रागावून बोलले नव्हते. ते महसूल खात्यात कारकून, त्यांचे वडील बिलोली तालुक्यात दुसऱ्याच्या शेतावर राबलेले. मुलीनं टेबलामागे बसावं, यापलीकडे त्यांचं मागणं नव्हतं.

घरी जा असं मिस म्हणाल्या, पण ते घर आता नांदेडला नव्हतं. पप्पांची बदली लातूरला झाली होती आणि लातूरच्या नळाला पाणी येणं बंद झालं होतं. रेल्वेनं पाणी आणायला लागले, ती बातमी माझ्या पुण्याच्या मैत्रिणींनीही वाचली होती. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. त्याच्या आदल्या संध्याकाळपासून रंगीत प्लास्टिकच्या घागरी आणि कॅन रस्त्याच्या कडेला रांग लावून बसायचे. मम्मी म्हणायची, "नांदेडला असतो तर विष्णुपुरी धरणाचं पाणी असतं." हे ती शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणायची. या जिल्ह्यात आम्ही नवे होतो.

मिसनी दिलेला व्यायाम असा होता. एका पायावर उभं राहून टाच वर न्यायची, सावकाश खाली आणायची. जमिनीवर पंचा पसरून तो फक्त पायाच्या बोटांनी गोळा करायचा. रबरी पट्टा तळव्याखालून घेऊन पंजा ताणायचा. पट्टा लातुरात कुठे मिळतो ते मला ठाऊक नव्हतं आणि दुकानात जाऊन विचारायची माझी तयारी नव्हती. मी सायकलची जुनी ट्यूब कापून घेतली. मग पोटाचे, पाठीचे आणि मांड्यांचे व्यायाम. मांड्यांसाठी पाठीवर वजन घेऊन बसायचं-उठायचं होतं. घरात वजनदार असं एकच होतं, पप्पांनी माझ्यासाठी आणून ठेवलेली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. ती मी शाळेच्या जुन्या दप्तरात भरली आणि पाठीला लावली. पप्पांनी एकदा ते दप्तर उचलून पाहिलं. "जड आहे," एवढंच म्हणाले.

व्यायामानं घाम येतो. ही गोष्ट पुण्यात मला कधी जाणवलीही नव्हती. लातुरात आम्ही चौथ्या दिवशी आंघोळ करायचो, तीही बादली अर्धी. मी रोज सकाळी मुद्दाम स्वतःला घामेजून घ्यायचे आणि मग ओल्या फडक्यानं अंग पुसायचे. तेच फडकं पिळून मम्मी फरशी पुसायची. तरीही माझ्या अंगाला वास यायचा. संध्याकाळी वंदनेला पांढऱ्या साड्यांतल्या बायका जमायच्या तेव्हा मी सगळ्यांत मागे, खिडकीजवळ बसायचे. एकदा शेजारच्या मावशी मुद्दाम माझ्या बाजूला येऊन टेकल्या. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, मुलगी सासरी नांदत होती, आणि जीभ मोकळी होती.

"काय करायलीस गं रोज दार लावून?"

"व्यायाम, मावशी."

"कशाला? पैलवान व्हायचं का?"

बाजूच्या दोघी हसल्या. मावशी माझ्याकडे बघतच होत्या. "घाम गाळायला बी पानी लागतंय, पोरी. आधी प्यायला लागतं, मग धुवायला लागतं." त्या वाईट हेतूनं बोलल्या नव्हत्या. त्यांना फक्त दिसत होतं ते त्या बोलायच्या.  मी ओढणी जरा घट्ट ओढून घेतली.

काही आठवड्यांनी नडग्या दुखायला लागल्या. विहाराची फरशी शहाबादी, दगडासारखी नव्हे, दगडच. त्यावर रोज टाचा उचलून-टेकवून डाव्या नडगीच्या आतल्या कडेला अशी ठणक लागली की जिना उतरताना मी कठडा धरायचे. मिसना फोन केला. त्या म्हणाल्या, "खाली जाडसर काहीतरी अंथर. आणि ठरलेल्या व्यायामापलीकडे पायावर ओझं अजिबात घ्यायचं नाही. काही उचलून चालायचं नाही. दुखणं वाढलं तर जून विसर."

त्याआधी टँकरचं पाणी मी आणि मम्मी मिळून भरायचो. फोनचं मम्मीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "राहू दे," ती म्हणाली, "मी आणते. तुझी परीक्षा आहे."

गल्लीतही तिनं तेच सांगितलं, पोरीची परीक्षा आहे. बायकांना वाटलं कलेक्टरची असेल. पुढच्या टँकरला मी वरून, गच्चीच्या कठड्याआडून बघितलं. मम्मी गुडघ्यांत थोडी वाकून चालते. एक घागर कडेवर, एक हातात. घरापर्यंतच्या चढावर ती थांबायची, घागर दुसऱ्या कडेला घ्यायची, परत चालायची. मी तिथे उभं राहून, कठड्याला एक हात लावून, टाचा वर-खाली करत होते. ती वेळ व्यायामाची होती.

त्याच सुमारास पप्पांकडे एक वार्ताहर यायला लागले. उदगीरचा वेगळा जिल्हा होणार अशी बोलणी तेव्हा सारखी उठायची. कोणता तालुका कुठे जाणार, कोणतं ऑफिस कुठे हलणार, कुणाची बदली होणार, सगळीकडे तेच. वार्ताहरांना वाटायचं पप्पांना आतलं काही कळत असेल. पप्पांना काहीच कळत नव्हतं, पण कुणीतरी विचारायला येतं हे त्यांना आवडायचं. वार्ताहर यायचे, अर्धा ग्लास पाणी घ्यायचे. त्या वर्षी पाहुणे अर्ध्या ग्लासवरच "बस, बस" म्हणायचे. मग खुर्चीत मागे रेलायचे.

एका रविवारी ते नुसतेच बसले होते. नव्या जिल्ह्याचं काही नव्हतं. "दुष्काळाचे फोटो आता कुणी बघंना झालंय," ते म्हणाले. "भेगा पडलेली जमीन, घागरींची रांग, झालं. तेच ते. काहीतरी वेगळं पाहिजे." तेवढ्यात मी चहा घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "ही काय करते?"

मी पप्पांकडे बघितलं. व्यायाम, असं ते म्हणतील याची मला खात्री होती.

"बॅले," पप्पा म्हणाले. "पुण्यात शिकली. पायाच्या अंगठ्यावर उभे राहतात ना, ते. त्याची तयारी करते इथं. फार ताकद लागते त्याला."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी तो नीट उच्चारला होता. म्हणजे कधीतरी एकट्यानं म्हणून पाहिला असणार. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं. वार्ताहर खुर्चीत पुढे सरकले. "असं म्हणता? दुष्काळी लातूरची मुलगी आणि बॅले? साहेब, हे तर भारी झालं. टँकरच्या रांगेत उभी करू. डोक्यावर हंडा आणि अंगठ्यावर उभी. एकच फोटो."

नाही म्हणायला एक क्षण होता. मी ट्रे दोन्ही हातांनी धरला होता. पप्पा माझ्याकडे बघत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याकडे असं बघत आहेत हे मला कळत होतं. मी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली होती, मला सांगता येणार नाही. त्यांनी तो होकार धरला.

मंगळवारी टँकर येणार होता. वार्ताहर कॅमेरा घेऊन सकाळीच आले आणि आमच्या घागरी बघून त्यांनी मान हलवली. निळी, पिवळी, झाकण तुटलेली. "प्लास्टिक चांगलं दिसत नाही. पितळेचा हंडा नाही का?" आमच्याकडे नव्हता. मावशींच्या फळीवर होता, त्यांच्या लग्नातला. वर्षानुवर्षं कुणी त्यात पाणी भरलं नव्हतं. मावशींनी तो काढून पदरानं पुसला, आणि माझ्या हातात देताना म्हणाल्या, "पाडू नको, माय. माझ्या बापाचा हाय."

गल्लीत उतरले तेव्हा सगळ्या बायका रांगेत होत्या. क्लासचा अंगाला चिकटून बसणारा काळा लिओटार्ड घाल असं वार्ताहर म्हणत होते. तेवढं मात्र मी केलं नाही, सलवार-कमीजच ठेवली. चपला काढून मी तापायला लागलेल्या रस्त्यावर उभी राहिले. हंडा डोक्यावर घेतला. रिकामा होता, हलका, थंडगार. एक हात हंड्याला, दुसरा बाजूला. डावा पाय वर, उजव्या पायाच्या चवड्यावर तोल. अंगठ्यावर मला येतच नव्हतं. तेच तर शिकायचं होतं. पण वार्ताहरांना तो फरक दिसला नाही.

"आणखी वर. आणखी. हसा की जरा."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, बगळा उभा ऱ्हायलाय की."

"मासे न्हाईत म्हनावं इथं."

हशा झाला. तोल गेला, मी परत उभी राहिले. आणि टँकर आला. टँकरवाल्या माणसानं पाइप सोडला, पुढच्या घागरी भरायला लागल्या. वार्ताहर एका हातानं बायकांना थांबवत होते. "एक मिनिट, मावशी, मध्ये येऊ नका. फक्त एक मिनिट." रांग थांबली. पाइप चालू होता आणि एका भरलेल्या घागरीवरून पाणी वाहून चाललं होतं. एक बाई ओरडली तेव्हा त्या माणसानं नळी वाकवून धरली.

मम्मी पुढे होती. तिची घागर भरली होती, ती कडेवर घेऊन घराकडे निघाली होती, आणि घराची वाट माझ्या मागूनच जात होती. वार्ताहरांनी डोळा कॅमेऱ्यालाच ठेवून सांगितलं, "वहिनी, जरा बाजूला."

मम्मी बाजूला झाली. भरलेली घागर घेऊन ती भिंतीला लागून उभी राहिली. खाली ठेवली असती तर परत उचलायला कुणाला तरी बोलवावं लागलं असतं, म्हणून तिनं ती तशीच धरली. मी चवड्यावर होते, मान हलवता येत नव्हती, पण डोळ्याच्या कडेनं मला ती दिसत होती. कंबर एका बाजूला काढलेली. पाण्याचा एक थेंब घागरीच्या बुडावरून तिच्या निऱ्यांवर पडत होता, मग दुसरा. कॅमेरा वाजत होता.  त्या सबंध वेळात माझ्या डोक्यावरच्या हंड्याला वजन नव्हतं.

फोटो दोन दिवसांनी पेपरात आला. मला मराठी वाचायला वेळ लागतो. मी तो मजकूर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोट ठेवून वाचला. पाणी वाहून वाहून या मुलीनं पायांत ताकद कमावली आणि त्याच ताकदीवर ती आता परदेशी नृत्याची परीक्षा देणार आहे, असं त्यात होतं. शेजारच्या रकान्यात नव्या जिल्ह्याची बातमी होती. पप्पांनी अंकाच्या आणखी प्रती आणल्या आणि ऑफिसला जाताना एक बॅगेत ठेवली.

संध्याकाळी वंदना झाल्यावर अंक बायकांत फिरला. मी खिडकीजवळच होते. एक म्हातारी बाई कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत होती. मग तिनं विचारलं, "चुंबळ कुठंय?"

 मला लगेच कळलं नाही. मग कळलं. भरला हंडा नुसत्या डोक्यावर राहत नाही; खाली जुन्या लुगड्याची गुंडाळलेली चुंबळ लागते, नाही तर टाळूला रुततो आणि डगमगतो. तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला ते एका नजरेत दिसलं असणार. वार्ताहरांना दिसलं नाही, पप्पांना दिसलं नाही, आणि मलाही नाही. मी त्या हंड्याखाली उभी होते तरी.

"रिकामाच हाय तो," मावशी म्हणाल्या. "भरल्यावर हंड्याला हात असा लावतेत व्हय?"

"आन् ही पानी वाहते म्हनून लिहिलंय."

"ही कुटं वाहते? हिची माय वाहते."

मम्मी तिथेच होती. ती उठली, सतरंजीच्या घड्या घालायला लागली. तिनं घडी घालताना टोकाला टोक नीट जुळवलं, जरा जास्तच वेळ. मी तिला मदत करायला गेले तर ती म्हणाली, "बस तू. पाय दुखतात ना तुझे."

दुसऱ्या दिवशी कमिटीतले ते वयस्कर गृहस्थ घरी आले. आवाज चढवला नाही. "साहेब, तुमी व्यायाम म्हनला होता. पेपरात नाच म्हनून आलंय. आता लोक इचारायलेत." पप्पांनी आतून किल्ली आणून दिली. ते गृहस्थ गेल्यावर पप्पा दारातच उभे राहिले. मला त्यांच्याजवळ जाऊन काही म्हणावंसं वाटलं. काय म्हणायचं ते इंग्लिशमध्येही सुचलं नाही.

जूनला थोडेच आठवडे उरले होते आणि हॉल गेला. गच्चीवर जायची माझी हिंमत नव्हती, कारण गच्ची सगळ्या गल्लीला दिसायची. उरली स्वयंपाकघरातली बोळ, जिथे पाण्याचा मोठा निळा ड्रम होता. ड्रमच्या काठाला धरून मी टाचा उचलायला लागले. टँकरच्या दिवशी ड्रम काठोकाठ भरलेला असायचा, भिंतीसारखा पक्का. कितीही भार टाका, हलायचा नाही. जसजसं पाणी खाली जायचं तसतसा तो हलका व्हायचा. आठवडा संपताना जरा जोर दिला की त्याचं बूड फरशीवर खरडायचं आणि बाहेरच्या खोलीत पप्पा पेपरवरून वर बघायचे. पुण्यात मिस सारख्या सांगायच्या, दांडी धरू नकोस, तिच्यावर नुसता हात ठेव. तिथे ते मला कधी जमलं नव्हतं. दांडी भिंतीत बसवलेली होती, ती हलत नसे, म्हणून मी किती लोंबकळते हे मला कळत नसे. इथे ड्रम सांगायचा.

जूनमध्ये मी एसटीनं पुण्याला गेले. क्लासमध्ये मिसनी आधी विचारपूस केली, मग फोन काढला. तो फोटो कुणीतरी त्यांना पाठवला होता. मला वाटलं, आता त्या हंड्याबद्दल विचारतील, लातूरच्या पाण्याबद्दल विचारतील, आणि मी काय सांगू. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, शेवटी पडद्यावर माझा फक्त उजवा पाय राहिला.

"बघ," त्या म्हणाल्या. "सगळं वजन करंगळीकडे गेलंय. घोटा बाहेर पडलाय."

मग त्यांनी मला दांडीपाशी उभं केलं. एका पायावर टाच वर, खाली, परत वर. त्या खाली बसून माझ्या घोट्याकडे बघत होत्या. उजवा पाय बराच वेळ सरळ राहिला. डावा आधी थरथरला, मग नडगीत जुनी कळ आली आणि घोटा बाहेर कलला, अगदी फोटोतल्यासारखा. मी परत सरळ केला. परत कलला. मिस उठल्या.

"पोटऱ्यांत ताकद आलीय. हातही पूर्वीपेक्षा हलका झालाय, ते कसं केलंस माहीत नाही. पण घोटा तयार नाही. मी तुला बूट देणार नाही."

"दिवाळीपर्यंत?" मी विचारलं.

"दिवाळीला ये, परत बघू. पण मदतनीस मला आत्ता लागते. मी दुसऱ्या मुलीला सांगितलंय."

मी हो म्हणाले. धन्यवादही म्हणाले, सवयीनं.

घरी पोचले तेव्हा पप्पांनी विचारलं नाही, माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं. जेवण झाल्यावर त्यांनी माझं दप्तर उघडलं आणि पुस्तकं एक-एक काढून फळीवर उभी लावली. कोपरे मुडपले होते, ते त्यांनी बोटानं सरळ केले. "फॉर्म निघालेत," ते म्हणाले. थोड्या वेळानं, फळीकडेच बघत, "व्यायाम चालू ठेव. तब्येतीला चांगला."

बॅले हा शब्द त्यांनी नंतर माझ्यासमोर उच्चारला नाही. तो मी त्यांच्याकडून काढून घेतला असं मला वाटत राहिलं.

पुढच्या टँकरला मी रांगेत गेले. आता परीक्षा नव्हती. मावशींनी मला घागर उचलताना बघितलं आणि म्हणाल्या, "आज फोटोवाला न्हाई बरं का." मग त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या डोक्यावर बसवली आणि वर घागर चढवून दिली. चढापर्यंत पोचेतो माझी अर्धी पाठ भिजली होती. मावशी मागून येत होत्या. "सांडू नको," एवढंच त्या अधूनमधून म्हणत होत्या.

फोटोचं कात्रण मावशींनी जपून ठेवलंय. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. पाहुणे आले की त्या कपाट उघडतात आणि दाखवतात, "हा हंडा माझा. पेपरात आलता." मी कोण हे त्या सांगत नाहीत आणि पाहुणेही विचारत नाहीत. मी तिथे असले तर दुसरीकडे बघते. कधी बघावंच लागलं तर घोट्याकडे बघते.

सकाळी मी अजूनही ड्रमला हात ठेवून उभी राहते. अभ्यासाआधी, थोडाच वेळ. दिवाळी अजून लांब होती तेव्हाची एक सकाळ माझ्या लक्षात आहे. ड्रम तळाला गेला होता. मी डाव्या पायावर होते, टाच वर, हात काठावर नुसता टेकलेला, आणि घोटा सरळ होता. ड्रमनं आवाज केला नव्हता. मम्मी तांब्या घेऊन बोळीत आली. ड्रम माझ्या पलीकडे होता. ती भिंतीला लागून उभी राहिली, तांब्या हातात धरून.

"घे ना पाणी," मी म्हणाले.

"होऊ दे तुझं," ती म्हणाली.

मी टाच खाली टेकवली आणि बाजूला झाले.